उंसाच्या फडांतील झोंप

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन प्रमुख गरजा होत, असें लहानपणापासून शिकविलें जातें. झोंपेची गणना या यादींत कोणी करीत नाहीं. झोंप विकत घ्यावी लागत नाहीं, ती साठवितां येत नाहीं, आणि ती चोरीस गेली तरी तिची फिर्याद कोठेंहि नोंदविली जात नाहीं. आयुर्वेदानें मात्र ही चूक केली नव्हती. चरकसंहितेनें आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले असून, सुख आणि दुःख, पुष्टि आणि कृशता, बळ आणि दुर्बलता, ज्ञान आणि अज्ञान हीं सारीं निद्रेच्या अधीन असतात, असा अभिप्राय दिला आहे. केवळ शरीराचें बळच नव्हे, तर मनाचें सुख आणि बुद्धीचें ज्ञान हींहि निद्रेच्या पदरीं टाकणाऱ्या या प्राचीन वैद्यकाचें म्हणणें प्रयोगानें पडताळून पाहण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. तें पडताळून पाहतां असें आढळलें कीं, झोंपेचा अभाव ज्या वयास फार जाचतो, आणि ज्याच्या झोंपेकडे वडीलधाऱ्यांचें लक्ष मात्र फार थोडें जातें, तें वय म्हणजे बारा ते सोळा वर्षांचें कुमारवय होय.

ही गोष्ट प्रयोगशाळेंतील नोंदींवरून समजते खरी. परंतु मुलांची झोंप समाजाच्या वेळापत्रकाला कशी बळी पडते, हें पाहावयाचें असेल, तर बीड जिल्ह्याच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासाकडे वळावें लागतें.

बीड हा मराठवाड्यांतील जिल्हा. उत्तरेस गोदावरीचें खोरें आणि मध्यें बालाघाटाच्या रांगा, अशी त्याची घडण आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निझामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्यांत आला. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज इत्यादि तालुक्यांच्या डोंगराळ भागांत जमीन हलकी आणि पाऊस बेभरंवशाचा. बाजरी निघाली कीं कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताला उन्हाळ्यापर्यंत पुरेसें काम उरत नसे.

त्या काळच्या गांवांतील रात्र कशी होती, याची कल्पना करणें कठीण नाहीं. पहांटे उठणें कोणालाहि नवें नव्हतें. कोंबडा आरवण्यापूर्वींच बायका जात्यावर बसत, आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी आईच्या समोर बसून खुंट्याला हात लावीत असे. परंतु रॉकेल जपून वापरावें लागे आणि दिवेलागणीनंतर तास-दोन तासांत सारा गांव निजत असे. लवकर निजावें आणि लवकर उठावें, या उपदेशाचे दोन भाग आहेत. त्या जुन्या रात्रींत दोन्ही भाग पाळले जात. गरिबी होती, उपासमारहि होती. पण अंधार सर्वांना सारखा मिळत असे, आणि त्याच्या आश्रयानें मुलांना पुरती झोंप मिळत असे.

हा अंधार मोडण्यास कारण झाली ती साखर. १९५० सालीं अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांत लोणीजवळ प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याच्या पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं कारखाने निघाले. कालव्याच्या पाण्यावर ऊंस उदंड वाढला. तो तोडावयास माणसें हवीं होतीं. तीं माणसें बालाघाटाच्या कुशींतून आलीं. १९७२ च्या दुष्काळानें या स्थलांतराला महापुराचें रूप दिलें. तेव्हांपासून दसरा-दिवाळी उलटली कीं बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें बिऱ्हाड गाडींत टाकून सोलापूर, पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत आणि कर्नाटकांतील बेळगांव-बागलकोटपर्यंत जातात, आणि वसंत सरतां सरतां परततात.

या धंद्याची भाषाच मोठी बोलकी आहे. नवराबायकोच्या जोडीला येथें ‘कोयता’ म्हणतात, आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. हंगामापूर्वीं मुकादम या कोयत्याला जी आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. ही उचल तोडलेल्या उंसाच्या टनांवर फिटावयाची असते. ज्याच्या डोक्यावर उचल आहे, त्याला रात्र नाकारतां येत नाहीं.

आणि रात्रीचीच मागणी कारखाना करतो. ऊंस तोडल्यापासून त्यांतील साखरेचा अंश घटूं लागतो, म्हणून तो शक्य तितक्या लवकर गाळावा लागतो. गाळपाच्या हंगामांत चरक दिवसरात्र फिरत असतो आणि त्याच्या तोंडीं ऊंस अखंड पडावा लागतो. त्यामुळें फडावर तोडणी पहांटे तीन-चार वाजतां, कडाक्याच्या थंडींत सुरू होते. तोडलेल्या उंसाच्या मोळ्या बांधून झाल्या म्हणजे काम संपलें असें नव्हे. ट्रक किंवा ट्रॅक्टर येईल तेव्हां त्या डोक्यावरून वाहून भरावयाच्या असतात, आणि तो संध्याकाळीं येईल कीं मध्यरात्रीं, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. ज्यांच्या बैलगाड्या असतात, त्यांना गाडी भरून कारखान्याच्या काट्यापुढें रांगेंत ताटकळत राहावें लागतें. जुन्या उपदेशाचा अर्धाच भाग येथें शिल्लक राहिला आहे : उठावयाचें लवकर, निजण्याची वेळ मात्र वाहनाच्या हातीं.

या वेळापत्रकांत कुमारवयीन मुलांचें स्थान कोणतें? कागदोपत्रीं कोणतेंच नाहीं. कोयता दोघांचाच असतो. प्रत्यक्षांत मात्र तेरा वर्षांची मुलगी आईच्या आधीं उठून चूल पेटविते, भाकरी थापते, धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते. तिचाच भाऊ वाढीं गोळा करतो, मोळी बांधूं लागतो, बैलांकडे पाहतो. रात्रीं ट्रकचे दिवे कोपीवर पडले कीं सर्वच जागे होतात. कोपी म्हणजे बांबूच्या चटया आणि प्लॅस्टिकचें कापड यांची बुटकी झोंपडी. तिला दार नसतें, कडी नसते. आईबाप फडावर गेल्यावर वयांत येणारी मुलगी तेथें निजते ती एका कानानें. अशा निजण्याला झोंप म्हणणें कठीण आहे. गांवीं आजीजवळ ठेवलेल्या मुलांना निवारा असतो, पण सहा महिने आईबापांचा विरह असतो, आणि काळजी हीहि झोंपेची वैरीणच होय.

अशा अपुऱ्या झोंपेचा मनाशीं काय संबंध आहे, हें समजून घेण्यासाठीं बीडपासून फार दूर जावें लागतें. शिकागो विद्यापीठांतील नथॅनियल क्लाइटमन या शास्त्रज्ञानें आपलें सारें आयुष्य झोंपेच्या अभ्यासाला वाहिलें होतें. १९३८ सालीं तो आणि त्याचा एक सहकारी केंटकीमधील मॅमथ नांवाच्या गुहेंत, जेथें सूर्यप्रकाशाचा किरणहि पोंचत नाहीं तेथें, एक महिन्याहून अधिक काळ राहिले आणि चोवीस तासांऐवजीं अठ्ठावीस तासांचा दिवस अंगवळणीं पडतो कीं काय, हें त्यांनीं स्वतःवर करून पाहिलें. सहकाऱ्याच्या शरीरानें तें मानलें, क्लाइटमनच्या शरीरानें मानलें नाहीं. देहांत एक घड्याळ आहे आणि तें मनमानेल तसें फिरवितां येत नाहीं, हा त्यांतील बोध होय. पुढें १९५३ सालीं क्लाइटमन आणि त्याचा शिष्य यूजीन अझरिन्स्की यांनीं दाखवून दिलें कीं, झोंप ही एकजिनसी अवस्था नाहीं. गाढ झोंपेच्या अधूनमधून अशी एक अवस्था येते, कीं तींत मिटलेल्या पापण्यांखालीं डोळे वेगानें हलत असतात, मेंदु जागृतीइतकाच कामांत असतो आणि माणूस स्वप्नें पाहत असतो. रात्रीच्या आरंभीं गाढ झोंपेचा वांटा मोठा असतो. स्वप्नमय झोंप मुख्यतः रात्रीच्या शेवटच्या तृतीयांशांत येते.

कुमारांच्या झोंपेचा स्वतंत्र अभ्यास त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीं सुरू झाला. १९७६ पासून मेरी कार्सकेडन या संशोधिकेनें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलामुलींची झोंपेची शिबिरें भरविलीं. मूल जसजसें मोठें होतें तसतशी त्याला झोंप कमी लागते, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्येक रात्रीं दहा तास अंथरुणांत राहण्याची मोकळीक दिल्यावर मुलें नऊ तासांहून अधिक झोंपलीं, आणि मोठीं मुलें लहानांपेक्षां कमी झोंपलीं नाहींत. उलट वयांत येणाऱ्या मुलांना दिवसां अधिक पेंग येऊं लागल्याचें दिसलें. पुढें असेंहि आढळून आलें कीं, वयांत येतांना देहांतील घड्याळ थोडें मागें सरकतें. १९५८ सालीं शोध लागलेलें मेलाटोनिन नांवाचें द्रव्य अंधार पडल्यावर मेंदूंतील एका ग्रंथींतून स्रवतें आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी देतें. कुमारवयांत ही वर्दी पूर्वींपेक्षां उशिरां मिळूं लागते. मुलगा रात्रीं लवकर निजत नाहीं आणि सकाळीं उठवत नाहीं, हा त्याचा आळस नसून त्याच्या वयाचा धर्म आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थेनें २०१६ सालीं ठरविलें, तें अशाच संशोधनाच्या आधारें.

आतां मनाकडे वळूं जातां, निद्रानाश हें औदासीन्याचें केवळ एक लक्षण आहे, असें वैद्य पूर्वीं मानीत. पुढें अनेक वर्षें चाललेल्या पाहण्यांवरून असें दिसलें कीं, हा रस्ता दोन्ही बाजूंनीं चालतो : मन बिघडलें कीं झोंप बिघडते, आणि झोंप दीर्घकाळ बिघडली कीं मन बिघडण्याचा संभव वाढतो. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं तरुणांना एक संपूर्ण रात्र जागें ठेवून क्लेशदायक चित्रें दाखविलीं, तेव्हां त्यांच्या मेंदूंतील बदामाच्या आकाराचें भावनाकेंद्र, झोंपलेल्या तरुणांच्या तुलनेनें सुमारें साठ टक्के अधिक खवळलें. आणि या केंद्राला आवर घालणारा कपाळामागचा जो मेंदूचा भाग, त्याचा त्याच्याशीं असलेला संबंध दुबळा झाला. कुमारवयांत हा आवर घालणारा भाग अद्याप पुरता घडलेलाच नसतो. ज्या घोड्याला अजून लगामाची संवय व्हावयाची आहे, त्याचा लगाम झोंपेच्या अभावानें आणखी ढिला होतो. चिडचिड, भय, रडूं येणें, कशांतच मन न लागणें, जगण्याचा कंटाळा, हीं त्याचीं चिन्हें. आयुष्यभरांतील मानसिक विकारांपैकी निम्म्यांचा आरंभ चौदाव्या वर्षापर्यंत झालेला असतो, असें २००५ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणीनें दाखविलें. हें लक्षांत घेतां या वयाच्या झोंपेचें मोल काय, तें वेगळें सांगावयास नको.

हें सारें ज्ञान घेऊन पुन्हां उंसाच्या फडावर यावें. ज्या मुलीचें शरीर तिला रात्रीं उशिरांपर्यंत जागें ठेवतें, तिला पहांटे तीन वाजतां उठविलें, तर कापला जातो तो नेमका रात्रीचा शेवटचा भाग. आणि दिवसभरांतील दुःखांची धार बोथट करण्याचें काम ज्या स्वप्नमय झोंपेंत बरेंचसें होतें असें मानलें जातें, ती झोंप या भागांतच असते. असें एक रात्र नव्हे, हंगामभर घडतें. मार्च-एप्रिलमध्यें हीं मुलें गांवीं परततात आणि वर्गांत बसतात तेव्हां तीं पेंगतात, विसरतात, लहानशा बोलण्यानें उसळतात किंवा मुकीं होतात. शाळा त्यांना मठ्ठ म्हणते, घर त्यांना आळशी म्हणतें. रोग एक आणि त्याला मिळालेलीं नांवें भलतींच, असा हा प्रकार आहे.

मुलांची रात्र कायद्यानें राखावी, हा विचार नवा नाहीं. इंग्लंडमध्यें १८३३ च्या कायद्यानें कापडगिरण्यांत अठरा वर्षांखालील मुलांना रात्रीं कामावर ठेवण्यास बंदी केली. हिंदुस्थानांत १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास राबविण्यास मुभा देत होता. मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांची संघटना उभारून विश्रांतीची मागणी लावून धरली आणि १८९० सालीं कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. पुढच्याच वर्षीं, १८९१ सालीं, कायदा सुधारला. मुलांचे तास सातांवर आले आणि रात्रींचें काम बंद झालें. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्यानें तर चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्याचें दारच बंद केलें. याप्रमाणें गिरणीच्या भिंतीआड मुलांची झोंप सुरक्षित झाली. परंतु साखर कारखान्याची भिंत जेथें संपते, तेथेंच हा कायदाहि संपतो. आंत चरकाजवळ तेरा वर्षांचा मुलगा उभा राहूं शकत नाहीं. बाहेर त्याच चरकासाठीं तो पहांटे तीन वाजतां मोळी बांधूं शकतो, कारण फड म्हणजे कारखाना नव्हे, आणि मुलगा म्हणजे कोयता नव्हे. बालमजुरीच्या कायद्यांत २०१६ सालीं मोठी सुधारणा झाली, तेव्हांहि शाळेची वेळ सोडून कुटुंबाच्या कामांत मदत करण्याची सवलत ठेवण्यांत आली. शाळेची वेळ सोडून जी वेळ उरते, तींतच रात्र येते, याचा विचार तेथें झाला नाहीं.

जें कायद्याला साधलें नाहीं, तें थोड्याफार प्रमाणांत शिक्षणाच्या मार्गानें साधलें. प्रथम कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. त्यांनीं मुलाचा दिवस वांचविला. पण मूल रात्रीं कोपींतच राहिलें. पुढें गांवोगांवीं हंगामी वसतिगृहें सुरू झालीं. आईबाप कारखान्यावर गेले तरी मुलानें गांवांतच राहावें, दोन वेळां जेवावें आणि शाळेंत जावें, अशी ही योजना होती. शिरूर कासार तालुक्यांत आर्वी येथें दीपक नागरगोजे यांनीं उभारलेल्या ‘शांतिवन’ या संस्थेसारखे निवासी प्रयत्न झाले. २०२१ सालीं शासनानें ऊंसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें तालुक्याच्या ठिकाणीं वसतिगृहें काढण्याची योजना मंजूर केली. या सर्वांचा हेतु शिक्षण हा होता. झोंपेचें नांव कोणीं घेतलें नव्हतें. तथापि दार लागणारी खोली, ठरल्या वेळीं मालविला जाणारा दिवा आणि सकाळपर्यंत कोणी हांक मारणार नाहीं याची खात्री, या तीन गोष्टी ज्या मुलाला मिळाल्या, त्याच्या मनाला एक मोठें औषध न मागतां मिळालें. असें वसतिगृह म्हणजे केवळ शाळेची सोय नव्हे; तें मनाच्या आरोग्याचेंहि केंद्र होय, हें ओळखून तें दसऱ्यापूर्वीं उघडलें पाहिजे आणि शेवटची गाडी परतेपर्यंत चालूं राहिलें पाहिजे.

हा प्रश्न फक्त फडावरच्या मुलांचा आहे, असें समजून शहरांतील सुशिक्षित घरांनीं निश्चिंत होण्याचें कारण नाहीं. परळीच्या औष्णिक केंद्रांत १९७१ पासून वीज निर्माण होऊं लागली आणि बीड, अंबेजोगाई, माजलगांव येथील रात्रहि उजळली. आतां तेथील मुलांना ट्रकचे दिवे जागवीत नाहींत. उशाजवळचा मोबाईलचा उजेड जागवितो, आणि पहांटेची शिकवणी उठविते. त्या उजेडानें मेलाटोनिनची वर्दी आणखी लांबते. कोणी उंसासाठीं जागतो, कोणी गुणांसाठीं. मेंदु हा भेद जाणत नाहीं. डिसेंबर १९२३ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्यें, राज्यपाल रमेश बैस यांनीं शाळांच्या वेळेमुळें मुलांची झोंप पुरी होत नाहीं, हें बोलून दाखविलें, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें शासनानें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत, असा आदेश काढला. हा निर्णय स्वागतार्ह खरा. पण ज्या वयाचें घड्याळ मागें सरकतें, तें वय चौथीनंतर सुरू होतें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१४ सालीं साडेआठपूर्वीं शाळा भरवूं नये असें सुचविलें, तें मुख्यतः या मोठ्या मुलांसाठींच. १८९१ चा कायदा कारखान्याच्या भिंतीशीं थांबला; २०२४ चा आदेश चौथीच्या वर्गाशीं थांबला. दोन्हीं वेळां कुमारवय उंबरठ्याबाहेरच राहिलें.

झोंप ही कोणी देणगी म्हणून द्यावयाची वस्तु नाहीं. ती निसर्गानें प्रत्येक मुलाला दिलेलीच आहे. समाजानें करावयाचें तें एवढेंच, कीं ती हिरावून घेऊं नये. मुलगा चिडखोर झाला, मुलगी अबोल झाली, तर उपदेश करण्यापूर्वीं आणि वैद्याकडे जाण्यापूर्वींहि घरानें आणि शाळेनें एक साधा प्रश्न विचारावा : हें मूल रात्रीं किती वाजतां निजलें आणि त्याला किती वाजतां उठविलें? बालाघाटाच्या डोंगरांतील ज्या मुलांच्या जागरणाची गोडी साऱ्या महाराष्ट्राच्या चहांत उतरते, त्यांच्यासाठीं हा प्रश्न विचारणारें आज घरीं बहुधा कोणी नसतें. तो विचारण्याची जबाबदारी चहा पिणारांचीहि आहे.